बाई म्हणतात, बूट नवे घ्या

हॅलो?… हॅलो… हां, बोल… अगं मुद्दामच हळू बोलतेय. तू जरा मोठ्याने बोल… नाही, कामावर नाही. शाळेत आहे… शाळेत गं, पोरीच्या. हेडबाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसलेय. बाक इतका बुटका आहे की गुडघे हनुवटीला लागतायत… नाही, पडली-बिडली नाही ती, ठणठणीत आहे. वर्गात आहे. मी आलेय हे तिला माहीतच नाही… सांगते, सगळं सांगते. आधी तुझं सांग, तू फोन कशाला केलास?

शाईचा?… कुठे, खिशाला?… बरं, आणि तू काय केलंस?… गरम पाणी ओतलंस. शाब्बास. आता तो डाग शर्टाबरोबरच म्हातारा होणार… अगं मग आधी विचारायचं ना. सहा वर्षं लाँड्रीत मी काय झोपा काढते? रोज दोनशे चादरी जातात माझ्या हाताखालून… हो, हॉटेलच्याच. ऐक आता. घासू नकोस. डागाखाली जुनं फडकं ठेव, वरून ते हाताला लावायचं सॅनिटायझर ओत, आणि दुसऱ्या फडक्याने टिपत राहा. टिपायचं. घासायचं नाही… घासतेयस ना? मला आवाज येतोय.

हां, तर शाळेत का… एक मिनिट हं, थांब.

…हां, बोल. काही नाही, ऑफिसातल्या बाई होत्या. चष्म्याला साखळी लावलेल्या. हेडबाई कुणाशी तरी बोलतायत, वेळ लागेल म्हणाल्या. मी म्हटलं, ‘मी वाट बघेन, मग कितीही वर्षं लागोत.’… अगं मला काय माहीत, मालिकेत असंच म्हणतात. त्या जरा दचकल्या, पण पाणी आणून दिलं.

हो… हो, या देशातल्या भाषेत… मीच बोलले, दुसरं कोण आहे इथे… अगं ऐक ना. मला येते. बऱ्यापैकी येते… चार वर्षं झाली असतील… कुणालाच नाही. तुझ्या भावोजींना तर अजिबात नाही.

कुठे शिकले म्हणजे? घडीच्या खोलीत. तिथे भिंतीवर टीव्ही आहे, दहा ते बारा पाठोपाठ तीन मालिका लागतात. हात चादरीत, डोळे टीव्हीत. पहिल्या वर्षी नुसते चेहरे बघायचे. दुसऱ्या वर्षी कळलं की जिला मी इतके दिवस सासू समजत होते ती त्या पोरीची वकील आहे. तिसऱ्या वर्षी मी वकिलाच्या आधी हुशारीने उत्तरं द्यायला लागले, मनातल्या मनात… वाचता नाही येत. एक अक्षर नाही. ऐकायला आणि थोडं बोलायला.

का सांगितलं नाही… कारण झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. तुला नाही कळायचे न कळण्याचे फायदे. मुकादम बाई रविवारच्या पाळीचं विचारते, मी गोड हसते, ती दुसरीकडे जाते. सहा वर्षांत माझा एक रविवार गेलेला नाही. वरच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात गाठून अख्ख्या बिल्डिंगच्या भानगडी सांगते, भिंतीला सांगावं तशी मला सांगते. घरमालक जिन्यातला दिवा आम्ही फोडला म्हणून ओरडतो, मी त्याला नमस्कार करते. तो दमून निघून जातो… हो, आम्हीच फोडला होता. भावोजींची शिडी लागली. ते सोड.

आणि बाकी सगळ्याला पोरगी होतीच ना. तीच तर गोष्ट आहे.

तुला माहितीय ती नऊ वर्षांची होती आलो तेव्हा. सहा महिन्यांत इथल्यासारखी बोलायला लागली. तेव्हापासून डॉक्टर तिच्याकडे, लाइटबिल तिच्याकडे, घरमालक तिच्याकडे. माझ्या पित्ताशयात खडे झाले तर तेही डॉक्टरला तिनेच सांगितलं, आणि डॉक्टरने मला काय खायचं नाही तेही तिनेच सांगितलं. त्यात तिला न आवडणाऱ्या सगळ्या भाज्या निघाल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता… हस, हस. खालचा सुतार आपले कागद घेऊन येतो. त्याची बायको येते. आता तिची बहीणही येते. पोरीच्या दप्तरात निम्मी पुस्तकं आणि निम्मी लोकांची पत्रं असतात.

भावोजींचं तर विचारूच नकोस. रंगाऱ्याला काय बोलायला लागतं, असं म्हणत इथे आले. गिऱ्हाइकाने काही विचारलं की पोरीला फोन. मग ही वर्गातून बाथरूमला जायचं म्हणून उठणार आणि बाथरूममधून छताचा रंग ठरवणार. मागच्या वर्षी तिची गणिताची परीक्षा होती, फोन बंद. त्या दिवशी गिऱ्हाईक बाई काहीतरी विचारत होती, हे आपले मान डोलावून हो-हो म्हणत होते. संध्याकाळपर्यंत त्या बाईचा हॉल जांभळ्याचा आणखी जांभळा झाला. ती विचारत होती, हा भयंकर जांभळा काढून टाकाल का. यांनी वर दुसरा हात दिला… हो, तीच ती भांडणाची गोष्ट. परीक्षेच्या मधल्या सुट्टीत पोरीनेच ते मिटवलं.

आता नीट ऐक. शनिवारी पालकांची सभा होती. मी, हे आणि मध्ये ती. समोर वर्गबाई. त्या बाई बोलायला लागल्या… चांगली पाच मिनिटं बोलल्या. डोळ्यांत पाणी. हात हलवून बोलत होत्या. म्हणाल्या, तुमची मुलगी गणितात अख्ख्या शाळेत पहिली आहे. अशी मुलगी मी वीस वर्षांत बघितली नाही. दुसऱ्या शहरात मोठी विज्ञानाची शाळा आहे, ती हिला घ्यायला तयार आहे, राहणं-जेवण सगळं त्यांचंच. तुम्ही नको म्हणून सही करून पाठवलीत, मला फार वाईट वाटलं. तो कागद मी अजून वर पाठवलेला नाही, खणात ठेवलाय. बुधवारी दुपारी दोनपर्यंत तुमच्यापैकी कुणी येऊन हेडबाईंना हो म्हणा. एवढं सगळं बोलल्या, आणि मग सगळे पोरीकडे बघायला लागले.

आणि पोरगी आम्हाला म्हणाली, ‘बाई म्हणतात, ठीक चाललंय. बूट नवे घ्या.’

…हो. एवढंच… अगं ध चा मा ऐकला होता, पण इथे तिने अख्खं पानच बदललं.

पुढे ऐक. भावोजी म्हणाले, ‘बाईंना सांग, तुम्ही म्हणाल ते डोळे झाकून करू.’ बुटांबद्दल म्हणत होते ते. आणि तिने बाईंना सांगितलं, ‘बाबा म्हणतात, मी गेले तर घर बंद पडेल.’

हो… मी तिथेच बसले होते. मूग गिळून… काय बोलणार? आणि ते खोटं होतं का, तू सांग. ते जे बोललेच नाहीत तेच खरं होतं.

…सही? सही माझीच. मागच्या महिन्यात तिने कागद आणला, म्हणाली ग्रंथालयाचा आहे. मी ऐटीत सही ठोकली. वर म्हटलं, पुस्तकं जपून वापर. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

रागावू कशी? रविवारी भावोजी तिला बुटांच्या दुकानात घेऊन गेले. जुने बूट धडधाकट होते, पण बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर हे कुणाचं ऐकतायत. चार दुकानं फिरवली. बाईंना दिसले पाहिजेत म्हणून लाल घेतले. ती पायात घालून बघत होती आणि तिचा चेहरा इतका उतरलेला… मी शेजारी उभी होते, मला सगळं माहीत होतं आणि तिला माहीत नव्हतं की मला माहीत आहे. असं तर मालिकेत पण दाखवत नाहीत.

…अगं तेच तर. चार दिवस माझ्या डोक्यात एकच चाललंय. घरात कुणीतरी एक जण मागे राहायलाच लागतं का? आई-बाबा वीटभट्टीवर जायचे, तुला कडेवर घेऊन बसायला कुणीतरी हवं होतं. मला सातवीतून काढलं… नाही गं, तुझ्यावर कसला राग. तू दीड वर्षाची होतीस, तुला काय विचारून काढलं होतं? रडू नकोस. शर्ट टिप… हो, तू शिकलीस त्याचा मला अभिमानच आहे. तुझ्या बारावीचे पेढे मीच वाटले… अरे हो, साखर वाटली होती, पेढे कुठले. पण सांगायचं हे की तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि इथे या पोरीने न विचारता स्वतःलाच घरी ठेवून घेतलं. आणि मी काय करतेय, तर गोड हसतेय.

…कामावरून कशी निघाले? ते विचारू नकोस… नको ना… बरं, हसायचं नाही. मुकादम बाईला काहीतरी सांगायला हवं होतं, पोट दुखतंय असं. आता पोटाबद्दल मला एकच वाक्य येतं. मालिकेत पोटावर हात ठेवून बाया एकच गोष्ट सांगतात… हो, तेच. ‘मी आई होणार आहे.’

…हसून झालं की सांग.

…एक्केचाळीसाव्या वर्षी. हो. मुकादम बाईने मला मिठी मारली. घडीच्या खोलीतल्या सगळ्या जणी आल्या. एकीने स्वतःची खुर्ची दिली. जड उचलायचं नाही म्हणाली. उद्यापासून मला काय करतील कोण जाणे… भावोजींना सांगू नकोस, ते खरंच समजतील.

थांब, त्यांचाच फोन येतोय… घेऊ का? घेते. ठेवू नकोस.

…हां, आले परत. काही नाही. गिऱ्हाइकाच्या दारात उभे आहेत, पोरीचा फोन लागत नाही, छतही रंगवायचंय का ते विचारायचंय. मी म्हटलं, छताकडे बोट दाखवा आणि भुवया उडवा. म्हणाले, हे आधी का नाही सुचलं… छत नको म्हणाली ती बाई. मान हलवून. बघ, पाच सेकंदांत झालं. यासाठी माझी पोर गणिताच्या तासाला बाथरूममध्ये.

किती वाजले तुझ्याकडे?… हां, म्हणजे इथे दीड. आज बुधवार, अजून अर्धा तास आहे. बोलायचं काय ते बसमध्ये जुळवत आले. पण माझ्याकडे वाक्यंच चुकीची आहेत. मालिकेतल्या सगळ्या आया एकच ओरडतात, ‘ही माझी मुलगी आहे, मी तिला कुठेही जाऊ देणार नाही.’ हे मला झोपेत विचारलंस तरी येईल. कोर्टात येतं, दवाखान्यात येतं, पावसात येतं. आणि मला म्हणायचंय नेमकं उलटं. एकही आई असं म्हणत नाही की जाऊ दे हिला. मी सहा वर्षं बघतेय, एकीने म्हटलेलं नाही.

…साधं? साधं काय?… ‘मला हो म्हणायचंय’?… अगं हो की. एवढंच म्हटलं तरी चालेल. तू बारावी उगाच नाही झालीस.

…थांब. त्या साखळीवाल्या बाई परत आल्यात. काहीतरी सांगतायत…

अगं बाई. अगं, घात झाला. त्यांनी पोरीला वर्गातून बोलावलंय… मदतीला. माझ्या मदतीला. आई आल्या आहेत म्हणजे मुलगी हवीच, नेहमीचंच… मी कुठे जाऊ? बाथरूममध्ये लपू का?… तू हसू नकोस, ती आत बसली की परत बूट निघतील. या खेपेला दप्तर निघेल. मी सही करून मोकळी होईन.

पळून कशी जाऊ, दोन वाजता बंद होतं सगळं… हो… हो, कळतंय गं. कळतंय. राहते इथेच.

आली. लाल बूट लांबूनच दिसतात. ठेवू नकोस, लाइनवर राहा, मला धीर येतो.

…काही झालं नाही बाळ. बाबा ठीक आहेत. मीही ठीक आहे, बघ… मावशीचा फोन आहे… हेडबाईंना भेटायला आले… नाही, तू परत वर्गात गेलीस तरी चालेल… माहितीय, त्यांनीच बोलावलं तुला. त्यांना वाटलं मला तू लागशील… नाही लागणार.

…कारण मला कळतं… सगळं. भरभर बोलल्या की थोडं सुटतं… चार वर्षं.

…हो. शनिवारीही… हो, बूटही कळले… ग्रंथालयाचा कागदही. इकडे बघ. मान वर कर. नाही रागावले… अगं नाही रागावले गं राणी, ये इकडे… तोंड पूस, हा घे रुमाल.

लाइटबिल मी बघेन… डॉक्टरकडे मी जाईन… खालच्या सुताराचं? त्याला दोन हात आणि एक बायको आहे, तो बघेल… बाबांना मी शिकवीन. भुवयांपासून सुरू केलंय आजच… हो, हस. हसलीस की बरं वाटतं.

…काय?… परत बोल.

…हं.

…आधी का नाही बोलले.

…तुझं बरोबर आहे… नाही, थांब, मला सांगू दे. घाबरायचे मी. पहिल्यांदा खरंच येत नव्हतं, तेव्हा लोक हसायचे. मग यायला लागलं, तेव्हा सवय झाली होती. तू होतीस ना. तू सगळं करायचीस आणि मी आरामात बसायचे. तुझ्या जिवावर आराम केला मी. चुकले… हो, आई चुकली. आई चुकते… बस इथे. दोन मिनिटं बस नुसती माझ्याजवळ.

…तुला जायचंय का तिकडे? मनापासून सांग. बाबांचं नको, माझं नको, तुझं सांग… खूप?… किती खूप?… इतकं. बरं.

…हॅलो? आहेस ना गं?… ऐकलंस सगळं? आता तू कशाला रडतेस? शर्ट भिजेल… भिजलाच आहे, हो.

थांब, दार उघडलं. हेडबाई आल्या बाहेर. आत तीन खुर्च्या मांडल्यात त्यांनी. त्या बघ, आल्या-आल्या पोरीकडेच बघून बोलायला लागल्या… एक सेकंद.

…हां. तुला नाही कळलं मी काय म्हणाले ते. मी म्हटलं, ‘माझ्याशी बोला. मला कळतं. नाही कळलं तर परत विचारीन.’… नाही गं, मालिकेतलं नव्हतं. हे माझं मीच म्हटलं… त्या काय करणार, हळू बोलायला लागल्या. हळू बोलल्या की सगळंच कळतंय.

पोरगी येतेय आत. पण मधल्या खुर्चीवर जात होती, मी हात धरून कडेच्या खुर्चीवर बसवलं. मधली माझी… नाही, ती आज काही सांगणार नाही. आज ती फक्त ऐकणार, स्वतःबद्दल काय बोलतात ते. पहिल्यांदा सगळं जसंच्या तसं.

ठेवते.